सर्वांस सादर निमंत्रण

विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेच्या आगामी व्याख्यानांचें पत्रक हातीं आलें, तर त्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाहीं. आम्हांस मात्र तसें पाहणें अगत्याचें वाटतें. कारण विद्वान् मंडळी समाजास काय लेखतात, हें त्यांच्या ग्रंथांपेक्षां अशा पत्रकांत अधिक स्पष्टपणें दिसतें. वक्त्याचें नांव, त्याच्या पदव्या, अध्यक्ष, स्थळ, वेळ आणि शेवटीं ‘सर्वांस सादर निमंत्रण’, असा हा सांचा ठरलेला असतो. त्यांत विषय असतो. पण वक्ता कोणत्या प्रश्नाला उत्तर देणार, याचा पत्ता बहुधा नसतो.

मुंबईस या बाबतींत जुनी आणि थोर परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. डॉ. जॉन विल्सन यांच्या नांवें विद्यापीठांत भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू झाली. तींत १८७७ सालीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं सात व्याख्यानें दिलीं. त्यांचा प्रश्न स्वच्छ होता: आपण घरीं बोलतों त्या भाषा संस्कृतापासून आजच्या रूपास कोणत्या नियमांनीं आल्या? हस्त, हत्थ, हात किंवा कर्म, कम्म, काम या मालिका आज महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस परिचित आहेत. परंतु लोकांच्या तोंडचा शब्द हा संस्कृताचा नुसता बिघाड नव्हे, त्यालाही नियमबद्ध इतिहास आहे, ही दृष्टि त्या काळीं आपल्याकडे नवी होती. मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या स्वाभिमानाशीं या शास्त्राचा थेट संबंध होता.

आणि तरीही तीं व्याख्यानें झालीं इंग्रजींत, व पुस्तकरूपानें निघालीं १९१४ सालीं. म्हणजे सदतीस वर्षांनीं! भांडारकरांस दोष देणें अन्यायाचें होईल. तेव्हां उच्च शिक्षणाचें माध्यमच इंग्रजी होतें, आणि या शहरांत एकट्या मराठी भाषिकांची वस्ती कधींच नव्हती. पण मराठीची वंशावळ मराठी घरांत पोहोंचण्यास एवढा विलंब लागावा, यांत त्या पद्धतीचें उणें उघड होतें.

याच शहरांत दुसरा मार्गही चोखाळला गेला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालीं निघालें, गिरगांवचा मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालीं. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. या संस्था वाचकाच्या व श्रोत्याच्या दाराशीं गेल्या. विद्यापीठ मात्र त्याच्यापासून दूर सरकलें. कोटांतील राजाबाई मनोऱ्यापाशीं गिरगांवकर पायीं जाऊं शके. १९७१ नंतर विद्यापीठाचा पसारा कलिन्याच्या विद्यानगरींत वाढला, आणि भाषांचे विभाग आज तेथेंच आहेत. लालबागच्या नोकरदारानें भर दुपारच्या व्याख्यानास तेथें कसें पोहोंचावें? मग ‘सर्वांस’ या शब्दाचा अर्थ ‘आधींच तेथें असलेल्यांस’ एवढाच उरतो.

कोणी म्हणेल, विद्वत्ता चव्हाट्यावर मांडली तर ती पातळ होते. आम्हांस हें मान्य नाहीं. समव्यवसायी श्रोत्यांपुढें परिभाषेच्या आडोशानें कच्चा विचारही खपून जातो. तोच विचार परळच्या एखाद्या निवृत्त शिक्षकास मराठींत समजावून सांगूं लागलें, म्हणजे आपल्या प्रतिपादनांत खरी गांठ कोठें आहे आणि नुसता गुंता कोठें, हें वक्त्याचें त्यालाच कळूं लागतें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पत्रकांतील पदव्या कमी करून व्याख्यानाचा प्रश्न दोन ओळींत लिहावा. प्रत्येक मालेंतील निदान एक व्याख्यान मराठींत, संध्याकाळच्या वेळीं, गिरगांवांत किंवा दादरास व्हावें. श्रोत्यांच्या शंकांसाठीं सभेंतच वेळ राखावा, आणि त्या शंकांसह तें व्याख्यान वर्षाच्या आंत छापून निघावें. भांडारकरांच्या तोलाचा वक्ता दरवर्षीं मिळणार नाहीं, हें खरें. पण सदतीस वर्षें थांबण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं.