ताणलेल्या पेशीचा निरोप

'हृदय म्हणजे पंप' असे आपण वर्गात सांगतो. सोलापुरात यंत्रमागावरचा ताणा जास्त ओढला तर तुटतो, हे मुलांना ठाऊक असते. वाढत्या रक्तदाबाने ताणलेली हृदयाची स्नायुपेशी मात्र जाड होते. असे का?

१९९३ साली सादोशिमा, इझुमो व सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या हृदयपेशी लवचीक सिलिकोनवर वाढवून ताणल्या. त्यांच्या भोवतालचा द्रव न ताणलेल्या पेशींवर घालताच त्यांतही वाढीची लक्षणे दिसली! म्हणजे ताणलेली पेशी अँजिओटेन्सिन-२ हे वाढीला चालना देणारे रसायन बाहेर सोडते. प्रयोग देखणा, पण 'ताण, रसायन, वाढ' हा एकच बाण काढून थांबणारे लेख मला खटकतात. बशीतला ताण धरून ठेवलेला होता, धडधडत्या हृदयाचा नव्हे. शिवाय हे रसायन ओळखणारे मुख्य प्रथिन, म्हणजे ग्राही, नसलेल्या उंदरांच्या पेशींनीही ताणाला प्रतिसाद दिल्याचे १९९८ मध्ये दिसले. २००४ मध्ये तर रसायनावाचूनही नुसत्या ताणाने हा ग्राही जागा होतो, असे आढळले. त्या प्रयोगांत कँडेसार्टन या रक्तदाबावरील औषधाने ही जागही थोपवली. नुसती रसायनाची निर्मिती रोखून ते साधले नसते.