मुक्काम नदीकाठी, शिधा आपला

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कच्या दक्षिण हद्दीवरून क्रोकोडाइल नावाची नदी वाहते. तिच्या अलीकडच्या काठावर मार्लोथ पार्क नावाची वसाहत आहे. तिथे घरं भाड्याने मिळतात. भांडी, शेगडी, फ्रिज घरात असतं, मांस भाजायची जाळी अंगणात असते. शिधा आपण न्यायचा, स्वयंपाक आपण करायचा. संध्याकाळी नदीकडे तोंड करून बसायचं आणि पलीकडच्या काठावर हत्ती पाण्यावर येण्याची वाट बघायची. या प्रकाराला 'सेल्फ-केटरिंग' म्हणतात. हॉटेलपेक्षा स्वस्त आणि जंगलाशी जास्त जवळीक, असं त्याचं आकर्षण.

आफ्रिकेच्या सफरीची मराठी वर्णनं आता पुस्तकांत, दिवाळी अंकांत आणि यूट्यूबवर सारखीच भेटतात. केनियाची असोत की दक्षिण आफ्रिकेची, त्यांचा साचा एकच आहे. विमानतळ, लाल मातीचा रस्ता, पहिला जिराफ, रात्री दुरून आलेली सिंहाची डरकाळी, पहाटेचा चहा आणि शेवटी 'निसर्गापुढे माणूस किती लहान' हा विचार. माझी तक्रार साच्याबद्दल नाही, साचा कुठल्याही प्रकारच्या लेखनाला असतोच. तक्रार आहे ती मुक्कामाबद्दल. चार दिवस नदीकाठी राहून, स्वतः रांधून खाल्लं, तरी लेखात ते रांधणं दोन ओळींत संपतं. पाणी कुठून आलं, सरपण कुठलं, भांडी घासायला कोण आलं, या काठावर आधी कोण राहत होतं, हे येतच नाही. लेखक तिथे राहिलेला असतो, पण लेख तिथे राहत नाही. तो जीपमधून एक चक्कर मारतो आणि परत येतो.

आधी कोण राहत होतं, हा प्रश्न फार मागचा नाही. क्रूगरच्याच उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुवू या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात माकुलेके समाजाची गावं होती. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना तिथून उठवलं आणि ती जमीन पार्कात घातली. सत्ता बदलल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये जमीन परत मिळवली. पुन्हा शेती करायला ते तिथे गेले नाहीत. त्यांनी जमीन जंगल म्हणूनच ठेवली आणि लॉजचं उत्पन्न समाजाकडे येईल अशी व्यवस्था केली. म्हणजे त्या काठावर खुर्ची टाकून बसलेला पाहुणा कुणाच्या तरी मोडलेल्या आणि पुन्हा मिळवलेल्या गावात बसलेला असतो. एवढं माहीत असेल तर नदीचं वर्णन बदलतं. हत्ती तोच असतो, वाक्य वेगळं होतं.

मराठीला मुक्कामाचं लेखन नवं नाही. उलट आपलं जंगलविषयक चांगलं गद्य मुक्कामातूनच आलं आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' हे जंगलात राहून लिहिलेलं पुस्तक आहे. 'सत्तांतर' ही त्यांची १९८२ ची कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे, आणि ती वाचताना कळतं की हा माणूस एकाच जागी पुष्कळ वेळ गप्प बसलेला आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी केली. म्हणजे जंगल हा त्यांचा पत्ताच होता. 'नवेगावबांधचे दिवस'मध्ये तळं आणि पक्षी तर आहेतच, पण माधवराव पाटीलही आहेत, ज्यांना ते जंगल लेखकाच्या आधीपासून माहीत होतं. चितमपल्ली शिकले ते पुस्तकांतून आणि तितकेच ढीवर, गोंड, माडिया लोकांकडून. पुढे त्यांनी 'पक्षिकोश' केला तो अशा ऐकलेल्या शब्दांच्या आधाराने. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना 'अरण्यऋषी' म्हणून निरोप दिला गेला. मला वाटतं, त्यांचं मोठेपण ऋषी असण्यापेक्षा चांगला विद्यार्थी असण्यात होतं.

तरी या परंपरेतही एक जागा अंधारी राहिली आहे. वनखात्याच्या विश्रामगृहाची जुनी रीत अशी, की शिधा पाहुण्याचा आणि स्वयंपाक चौकीदाराचा. लेखक पाणवठ्यावर बसला होता तेव्हा चूल कुणीतरी फुंकत होतं. त्या चुलीजवळून जंगल कसं दिसत होतं, हे आपल्याला फारसं वाचायला मिळालेलं नाही. बघणारा एक आणि रांधणारा दुसरा, ही वाटणी आपल्या निसर्गलेखनात इतकी मुरली आहे की ती वाटणी आहे हेही लक्षात येत नाही.

आता कसोटी अशी ठेवू: नदीकाठचा मुक्काम, शिधा आपला, स्वयंपाक आपला, रात्री जनावराची चाहूल. या कसोटीवर महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा मुक्काम कुठला? त्याचं उत्तर बीड जिल्ह्यात आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज या भागांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरलेला असतो. बाजरी-ज्वारीचं पीठ, चटणी, भांडी, अंथरूण, लेकरं आणि म्हातारी माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत बसतात. कृष्णा, भीमा, नीरा, प्रवरा यांच्या खोऱ्यांत, उसाच्या फडांपाशी कोप्या उभ्या राहतात. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. बाई पहाटे तीनला उठते, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात असते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, हाच पत्ता. लॉजच्या पाहुण्याला जे चार दिवस हवंसं वाटतं, उघडं आकाश, चूल, नदी, ते इथे अर्धं वर्ष असतं आणि कुणी हौसेने निवडलेलं नसतं.

या दोन मुक्कामांना समोरासमोर बघायचं तर उजनीला जावं. भीमेवरच्या या धरणाच्या फुगवट्यावर, पुणे जिल्ह्याच्या बाजूला भिगवण आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. त्यांच्यामागे कॅमेरे येतात, होड्या निघतात, घरगुती माशाचं जेवण मिळतं. पलीकडच्या काठावर सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका आहे, आणि त्याच पाण्यावर वाढलेला ऊस. रोहित येण्याचा आणि ऊस तोडण्याचा हंगाम जवळजवळ एकच. एकाच पाण्याच्या एका काठावर त्या मुक्कामाला 'वीकेंड' म्हणतात आणि दुसऱ्या काठावर 'सीझन'. या पाण्याखालीही गावं गेलेली आहेत. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की वर येतं आणि त्याचे फोटो दर उन्हाळ्यात फिरतात. माकुलेके लोकांसारखी गोष्ट शोधायला आफ्रिकेपर्यंत जायची गरज नव्हती.

२०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. मग तसेच हल्ले करमाळ्यात झाले, आणि हा तोच बिबट्या असल्याचं मानलं गेलं. करमाळ्यातल्या बळींमध्ये ऊसतोड कुटुंबातली एक लहान मुलगी होती. डिसेंबरमध्ये वांगी परिसरात त्याला गोळी घातली गेली. बीडहून भीमेकडे जाणारी दिशा बिबट्याची आणि मजुरांची एकच होती. सफारीच्या लेखात ज्या रात्रीच्या आवाजाने अंगावर काटा येतो, तो आवाज इथे ताडपत्रीच्या एका पदराबाहेर असतो.

बिबट्या आणि ऊस यांचं नातं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेल्या कामातून दिसलं की बिबटे उसाच्या पट्ट्यात, माणसांच्या वस्तीत कायमचे राहतात आणि बरंचसं कुत्र्यांवर आणि पाळीव जनावरांवर जगतात. त्यांच्या कामावरून प्रेरित 'आजोबा' हा सुजय डहाके यांचा चित्रपट २०१४ मध्ये आला. चांगला विषय होता. माळशेज परिसरातून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेलेला बिबट्या त्यात आहे, त्याच्या मागावर असलेली संशोधक आहे. फडात वाकलेल्या माणसाची नजर मात्र त्या गोष्टीचं केंद्र नाही.

जुन्नर भागातून दर हंगामात येणारी बातमी आठवून बघा: 'ऊसतोड मजुरांना बिबट्याचे बछडे आढळले.' फड कडेने तुटत आत येतो, शेवटी मधे एक तुकडा उरतो आणि ससे, डुकरं, साप, कधी बिबट्याची पिल्लं, सगळं त्या तुकड्यात गोळा होतं. बछडे सापडले की काम थांबतं, वनखात्याचे लोक येतात, पिल्लं तपासून त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि रात्री आई त्यांना घेऊन जाते. बातमीत पहिल्या वाक्यानंतर मजूर गायब होतात. कॅमेरा, खोका, आई, आनंद, सगळं येतं. ज्यांनी कोयता थांबवला, ज्यांना वासावरून किंवा पाचटाच्या हालचालीवरून आत काहीतरी आहे हे कळलं, त्यांनी ते कसं ओळखलं, हा प्रश्न विचारलाच जात नाही. जीपमधला गाइड हेच करतो तेव्हा आपण त्याला 'ट्रॅकर' म्हणतो आणि त्याच्यावर परिच्छेद लिहितो.

ऊसतोडीवर लिहिलं गेलं नाही असं अजिबात नाही. कथा-कविता आहेत, योगीराज बागूल यांचं 'पाचट' हे आत्मकथन आहे, 'पारी'वर बीडच्या कुटुंबांवरचे वृत्तांत मराठीतही वाचायला मिळतात. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हे लेखन नसतं तर तेवढंही झालं नसतं. पण या लेखनाचाही एक साचा झाला आहे. त्यात माणूस फक्त सोसतो, बघत नाही. कोपीत दुःख असतं, पण कोपीच्या बाहेर नदी नसते. आणि भाषणांत तर हमखास 'स्थलांतरित पक्षी' ही उपमा येते. ती मला सगळ्यांत खोटी वाटते. रोहित पक्ष्याने कुणाची उचल घेतलेली नसते. माणसाला पक्षी म्हटलं की मुकादम, कारखाना आणि कर्ज एका शब्दात नाहीसे होतात.

इथे एक रास्त आक्षेप येईल. पोटासाठी गेलेल्या माणसाकडून निसर्गवर्णन मागणं ही शहरी चैन नाही का? कोपीला लॉज म्हणून सजवणं असेल तर नक्कीच आहे. 'ऊसतोड कॅम्पचा अनुभव घ्या' अशी जाहिरात उद्या कुणी केली तर तिला हसावं की चिडावं, कळणार नाही. पण मी वर्णन मागत नाही, साक्ष मागतो आहे. भीती हीसुद्धा बघण्याची एक रीत आहे. अंधारात बाहेर जावं लागणाऱ्या बाईला रात्रीचे आवाज पाहुण्यापेक्षा बारकाईने ओळखावे लागतात, कारण तिचं चुकलं तर चालणार नसतं. हे ज्ञान हलाखीतून आलं म्हणून ते ज्ञान नाही, असं म्हणणं हा त्या माणसांवरचा दुसरा अन्याय आहे. दोन मुक्कामांतला खरा फरक एवढाच, की लॉजवाल्याला निघून जाता येतं. तो फरक लपवला नाही, तर बाकी सगळं लिहिता येतं.

'सफारी' हा शब्द स्वाहिलीत अरबीतून आला आणि त्याच अरबी मुळाचा 'सफर' आपल्याकडे फारसीतून आला. स्वाहिलीत कामासाठी केलेला प्रवाससुद्धा सफारीच असतो. जीप, टोपी आणि दुर्बीण त्याला नंतर चिकटली.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींचं लहानपण कोपीत गेलेलं असेल, काही आज बीड-अंबाजोगाईच्या वसतिगृहात किंवा पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या खोलीत असतील, आणि आई-वडील अजून फडात. लिहायचं झालंच तर व्यथेचा मथळा थोडा वेळ बाजूला ठेवून बघा. कोपीच्या दाराचं तोंड कुठल्या दिशेला असायचं आणि का? नदीचं पाणी कुठल्या महिन्यात प्यायला नको व्हायचं? शेवटच्या तुकड्यात काय काय निघालं? कोल्हा, रानडुक्कर, तरस यांना तुमच्या टोळीत काय म्हणत, आणि रात्री कुणाचं नाव घ्यायचं नाही असं होतं का? चितमपल्लींनी ढीवरांकडून शब्द गोळा केले. तुमच्याकडे हे शब्द घरातच आहेत, आणि विचारायला आईला एक फोन पुरेल. फक्त तो पहाटे तीननंतर करू नका, तेव्हा ती भाकरी थापत असते.