खून, हत्या आणि वध : जुन्या वृत्तपत्रांच्या वाचनासंबंधी

पुण्याच्या जुन्या वृत्तपत्रांकडे अभ्यासक बहुधा घटनेची तारीख निश्चित करण्यासाठी वळतात. मृत्यूसाठी कोणता शब्द योजिला आहे, याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः 'खून' हा मूळचा रक्तवाचक फारसी शब्द मराठीत गुन्हा सांगतो. 'हत्ये'वर ब्रह्महत्या, गोहत्या या समासांमुळे पातकाची छाया आहे. 'वध' कंसाचा किंवा कीचकाचा. मारला गेलेला दोषी होता, हा निवाडा त्या शब्दातच झालेला असतो.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला, रँड ३ जुलैला. कायद्याच्या भाषेत हे दोन खून होत. पुढील मराठी लेखनात मात्र 'रँडवध' हा प्रयोग रूढ झाला. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलूम ध्यानात घेता त्यामागील लोकभावना समजते; परंतु त्या समासात आयर्स्टला जागा नाही. ज्याच्यावर लोकांचा रोष नव्हता, त्याचा मृत्यू शब्दाबाहेरच राहिला.

शब्दाचे हे बळ शासनही जाणून होते. त्याच वर्षी टिळकांवर झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात अफझलखानाच्या वधाविषयी 'केसरी'त आलेला मजकूर आरोपाचा आधार ठरला.

यास्तव टिपण करताना बातमीतील मूळ शब्द तारखेसह उतरून घेणे अगत्याचे आहे. नंतरचा शब्द आधीच्या बातमीवर लादल्यास समाजाने निवाडा केव्हा केला, हेच कळेनासे होते.