मातीचं घुमट, फायबरचं घुमट

दुबईतल्या आमच्या मंडळाच्या कपाटात आता दोन जातींची घुमटं, म्हणजे आरतीला वाजवायची गोव्याची वाद्यं, शेजारी शेजारी असतात. एक डिचोलीच्या कुंभारांकडचं, भाजलेल्या मातीचं, तोंडावर बकऱ्याचं चामडं ताणलेलं. दुसरं फायबरचं, त्यावर पांढरा कृत्रिम पडदा आणि तो आवळायला कडेने बोल्ट. मंडळ कसं उभं राहिलं, दुबईतली आपली पहिली आरती कुणाच्या घरात झाली, हे स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या दोन घुमटांवरून मात्र गेल्या गणेश चवथीपासून आपल्यात दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही तटांत माझी जिवाभावाची माणसं आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

दिसायला आधी. मातीचं घुमट विटकरी रंगाचं, अंगावर चाकाच्या बारीक रेघा. शेजारी ठेवलेली दोन घुमटं कधी हुबेहूब सारखी नसतात; एकाचं पोट सुटलेलं, दुसऱ्याची मान किंचित लांब. फायबरचं गुळगुळीत, चकचकीत, आणि सगळी एकसारखी. हलकं इतकं की सात-आठ वर्षांचं पोर गळ्यात अडकवून तासभर उभं राहतं. पडलं तरी फुटत नाही. ही गोष्ट साधी नव्हे. गोव्याहून मांडीवर सांभाळत आणलेलं घुमट इथल्या पार्किंगमध्ये फुटलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना विचारा.

आता आवाज. घुमटाला दोन तोंडं असतात. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. उजवा हात थाप देतो, डाव्या हाताचा पंजा लहान तोंड झाकतो नि उघडतो. त्याबरोबर पोटातल्या हवेचा घुमारा खाली-वर होतो. दक्षिणेकडच्या घटम या मडक्याला तर चामडंच नसतं. नायजेरियातल्या उडू या मातीच्या वाद्याला कुशीत भोक असतं आणि तिथेही तळहाताने हवेशीच खेळायचं असतं. मातीच्या पोटातली हवा बोलती करणं ही माणसाची फार जुनी हौस आहे. फायबरच्या घुमटाची थाप स्वच्छ आणि टणक येते, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, मायक्रोफोनला मानवते. पण थापेमागून येणारा घुमारा लवकर विझतो. डावा पंजा कितीही फिरवा, फरक थोडाच पडतो. आणि म्हणून मुलं डावा हात वापरायचंच सोडून देतात. मला खरी भीती या हाताची वाटते.

काही ज्येष्ठ म्हणतात, खरं घुमट घोरपडीच्याच चामड्याचं. त्यांचं म्हणणं मला कळतं. पेडण्याच्या आमच्या जुन्या घरात तसं एक होतं. चामडं पातळ, त्यावर खवल्यांची बारीक नक्षी, आणि थाप अशी खणखणीत की आरतीला बसलेल्या लहान मुलांची झोप उडावी. बकऱ्याचं चामडं जाड, त्याचा आवाज थोडा मऊ, थोडा सावकाश. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे, आणि हे योग्यच झालं. एका आरतीसाठी एक जीव घ्यावा अशी बाप्पाची अपेक्षा नसणार. गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तोवर वादकांनी बकऱ्याच्या चामड्याशी जुळवून घ्यायला सुरुवात केलीच होती. परंपरा बदलली, पण हाताचं काम बदललं नाही. चामडं तापवणं, त्याचा ताण ओळखणं, कान लावणं, सगळं राहिलं.

इथे ते कष्ट दुप्पट आहेत. भाद्रपदात दुबईची हवा बाहेर घामट, आत एसीने कोरडी. गाडीतून हॉलमध्ये नेईपर्यंत चामडं सैल पडतं, तासाभरात नको तितकं ताणलं जातं. मंडळातले आमचे भाई दिवसभर ऑफिस करून येतात आणि आरतीच्या आधी प्रत्येक घुमट दिव्याच्या धगीवर धरून, कानाशी नेऊन, बोटाने टिचकी मारून पाहतात. वहिनींनी आरत्यांच्या वह्या मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढल्या, प्रत्येक घरी पोचवल्या, आणि कुणाला चाल आठवत नसेल तर रात्री फोनवर म्हणून दाखवली. ही दोन माणसं नसती तर या वाळवंटात घुमट शोभेच्या कपाटात गेलं असतं. मंडळाने त्यांचा कितीही सत्कार केला तरी तो थोडाच.

गेल्या चवथीची एक आरती मनातून जात नाही. एका सभासदाच्या फ्लॅटमध्ये, दीड दिवसाच्या गणपतीपुढे. वर फळापानांची माटोळी, खाली दाटीवाटीने माणसं. खोली लहान, फायबरची घुमटं तिथे फार टणक वाजली असती, म्हणून दोनच मातीची काढली. भाई शामेळावर, म्हणजे घुमटाच्या जोडीच्या तालवाद्यावर, एका काकांच्या हातात कांसाळें, म्हणजे झांज. दुसरं घुमट मंडळाच्या घुमटाच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलीकडे दिलं. तिने आजवर फायबरचंच वाजवलं होतं. पहिली दोन कडवी तिचा उजवा हात बिनचूक चालला, डावा नुसता चिकटून होता. तिसऱ्या कडव्याला तिने पंजा अलगद उचलला आणि पोटातून तो खोल घुमारा निघाला. तिने चमकून घुमटाकडे पाहिलं. भाईंनी मान वळवली, शामेळाची लय जराशी रोखली, तिला जागा दिली. मग ती जे वाजवत गेली! गाणारे गाता गाता हसत होते. आरती चढत गेली, कांसाळें बेभान झालं, आणि शेजारचं मल्याळी कुटुंब दारात येऊन टाळ्या वाजवू लागलं.

गोव्यातले पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीतले महाल पोर्तुगीजांकडे गेले ते उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे तिथल्या देवळांत आणि घरांत आरतीचा हा आवाज टिकून राहिला. आपण तो परदेशात आणला आणि त्याला कात्री लावतो आहोत. हॉल दहाला रिकामा करायचा म्हणून आरत्या निम्म्या. मुलं मोबाइलवर रोमन अक्षरांत वाचतात. शामेळ शिकायला कुणी नाही. आईबाप पोहण्याच्या वर्गाला वेळेवर पोचतात, घुमटाच्या वर्गाला मुलाला यायला जमत नाही. हे असंच चाललं तर पुढच्या पिढीकडे घुमटाचा फक्त फोटो राहील, आणि त्याचा दोष फायबरला देता येणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. वर्गात फायबर असू द्या; त्याच्यामुळेच लहान मुलं आली आहेत. पण दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाच्या हातात मातीचं द्या आणि देवापुढे फक्त मातीचं वाजवा. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी एकेक आणावं. पेडण्यातच मोप्याचा विमानतळ 2023 पासून सुरू आहे, डिचोलीहून वाट फार लांबची नाही. घेताना चामड्याच्या पांढरेपणाला भुलू नका. बोटाच्या पेराने मडक्यावर टकटक करा. नाद खणखणीत आला तर घ्या, बद्द आला तर आत तडा आहे. सामानात टाकू नका, हातात ठेवा, आणि तपासणीच्या रांगेत कुणी विचारलं तर त्यांना वाजवून दाखवा.