उलटं वाचायचं मैदान

गोल्फ म्हटलं की आपल्या मनात कुंपण, पहारेकरी आणि सदस्यत्वाची लांबलचक प्रतीक्षायादी येते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ‘ओल्ड कोर्स’ मात्र समुद्रकाठचं सार्वजनिक गायरान आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत त्याचा ससे पाळण्याचा आणि गावकऱ्यांचा खेळण्याचा, असे दोन्ही हक्क एकत्र नोंदले गेले. आज कारभार १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट पाहतो. पहिल्या टीमागे, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागेमागे, दिमाखात उभ्या असलेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबची या जमिनीवर मालकी नाही. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून तर चक्क रहदारीचा रस्ता जातो.

या मैदानाचं रूप मला मोहवतं ते गर्दीमुळे. पूर्वी जाताना आणि परतताना तेच होल वापरायचे. खेळणारे वाढले तसे घाटातल्या एकेरी रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन एसट्यांसारखे अडकू लागले. मग ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, रुंद केली आणि एकेका ग्रीनवर दोन होल पाडले: जाणाऱ्यांना पांढरा झेंडा, परतणाऱ्यांना लाल. अशी जोडग्रीन सात, आणि प्रत्येकावरच्या दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज अठरा. दुसरा-सोळावा, आठवा-दहावा, कोणतीही जोडी घ्या. कुणा वास्तुकाराने हे आखलं असतं तर आपण त्याला चतुर म्हणून सोडून दिलं असतं. अडचणीतून वाट काढता काढता ते घडलं, म्हणून त्याची गंमत अधिक.

इथे जायचं तर बेत शनिवारपासून मांडावा. एडिनबराहून रेल्वेने ल्यूकर्स, पुढे बस. गावातलं स्टेशन १९६९ मध्येच बंद झालं. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत किमान दोघांची नावं सोडतीत टाकायची. सोमवारसाठी शनिवारी; मधल्या रविवारी गोल्फ बंद. एकट्याने आलेल्यांची सोडत वेगळी. हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या कौशल्याच्या गुणांकाचा, दाखला हवा आणि उन्हाळ्यात माणशी तीनशे पौंडांहून जास्त फी. सार्वजनिक म्हणजे स्वस्त, असा समज असेल तर तो इथे फिटतो.

पण या बेताचा गाभा मधला रविवार. मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर त्या दिवशी मैदान फिरणाऱ्यांचं असतं. कुत्री, बाबागाड्या, गप्पा मारणारी म्हातारी मंडळी. आपणही स्टिक न घेता निघावं, आणि अठराव्याकडून उलट चालावं. स्विल्कन ओढ्यावरचा चिमुकला दगडी पूल फोटोवाल्यांना सोडून द्यावा. सतराव्याच्या ग्रीनला खेटलेला वाळूचा खड्डा, रोड बंकर, मात्र थांबून पाहावा. १९७८ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानी खेळाडू त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू पटिंग करताना घरंगळत त्यात पडला आणि त्या होलवर त्याचे नऊ फटके झाले. चौदाव्यावरच्या बंकरचं नावच ‘हेल’. अकराव्यावर १९२१ मध्ये तरुण अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सने वैतागून चेंडू उचलून घेतला होता. पुढे याच मैदानावर त्याने १९२७ ची ओपन जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

या उलट्या फेरीचा खरा लाभ बाराव्यावर होतो. टीवरून पाहिलं तर फेअरवे निष्पाप दिसतो. ग्रीनकडून वळून पाहिलं की ऐन मधोमध बंकर उघडे पडतात. एके काळी मैदान उलट्या दिशेने खेळलं जाई. त्या खेळाडूंना समोर दिसणारे हे सापळे दिशा बदलल्यावर आजच्या खेळाडूसाठी दडले. सोमवारी टीवर उभं राहिल्यावर हे ठाऊक असणं म्हणजे अर्धा होल खेळून झाल्यासारखं.

सोडत लागली नाही तर? लागली तरीही, शेजारचं ‘हिमालय’ चुकवू नये. उंचवट्या-खळग्यांमुळे हे नाव पडलेलं पटिंग ग्रीन १८६७ पासून तिथल्या महिलांच्या क्लबचं आहे. त्या काळी बायकांनी खांद्यावरून स्टिक फिरवणं अशोभनीय मानत. त्यांच्या राखीव वेळा सोडून उन्हाळ्यात थोडक्या पौंडांत कुणालाही खेळता येतं, दाखला कुणी मागत नाही. ओल्ड कोर्सवर पहिल्या टीला गुडघे कापणारी माणसं इथे सहा फुटांचा पट हुकल्यावर खदाखदा हसतात, आणि दहा वर्षांची पोरं त्यांना हरवतात.