बेडकाचा रेनकोट

आमच्या बँकेत चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देत नाहीत. समीक्षेलाही मी हाच नियम लावतो. लेखकाने बेडूक लिहिला असेल, तर तो तळ्यातल्या बेडकाशी जुळतो का, एवढेच पाहायचे. सौंदर्यशास्त्र प्राध्यापकांनी सांभाळावे.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटरबाईंचे ‘द टेल ऑफ मिस्टर जेरेमी फिशर’ हे पुस्तक १९०६ सालचे. नायक बेडूक. बाईंनी लहानपणी लंडनच्या घरात बेडूक पाळले होते, त्यामुळे चित्रांतली सही तंतोतंत जुळते. घोळ आहे तो मजकुरात. हे गृहस्थ चक्क रेनकोट घालून मासे धरायला जातात. अहो, बेडूक पाणी पितो कातडीने! त्याला रेनकोट घालायचा म्हणजे माणसाच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची. पुढे पाहुण्यांना भाजलेला नाकतोडा वाढतात, त्यावर ठिपकेदार लाल किड्यांचा सॉस. वास्तविक जे हलत नाही ते बेडकाला खाणे वाटतच नाही, आणि तो किडा तर कडूजहर. शिवाय पाहुणा कोण? न्यूट! पालीसारखा दिसणारा हा बेडकाचा भाऊबंद बेडकाचीच पिल्ले खातो. म्हणजे यजमानाची निम्मी प्रजा पोटात घालून स्वारी वर जेवायला हजर!

दोन नोंदी मात्र बिनचूक आहेत. एक, ट्राउट मासा नायकाला गिळतो. (रेनकोटची चव न आवडल्याने थुंकतो, ही गोष्ट वेगळी.) मासे असलेल्या तळ्यात बेडकाची पिल्ले सहसा वाचत नाहीत. दुसरी, नायकाचे घर. तळ्याकाठी, कोठीघरात पाणी, बोळात पाणी, आणि वाटेल तेव्हा बाहेर पडायची मुभा.

काचेच्या पेटीत बेडूक ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी हे पान दोनदा वाचावे. पेटीत शेवाळ असते, झाडे असतात, दिवा असतो. बाहेरचे दार तेवढे नसते. मुदत ठेवीला ते शोभते. इंग्लंडातले जाणते बागवाले परसात तळे खणतात, एक काठ उतरता ठेवतात, पावसाचे पाणी साठवतात, मासे सोडत नाहीत. बेडूकही आणत नाहीत, कारण परक्या तळ्यातून रोगही येतात. खातेदार आपल्या पायांनी येतो आणि पटले तर राहतो.

बाईंनी बेडूक घरात पाळले, पण पुस्तकातल्या बेडकाला त्याचे स्वतःचे घर दिले. एवढ्यासाठी मी रेनकोटही पास करतो. पुस्तक मुलांना जरूर द्या. बेडूक देऊ नका.