‘दान’ कोणाचे, बीज कोणाचे?

‘दान’ हा शब्द आपल्या भाषेत निरागस नाही. देणाऱ्याचे पुण्य आणि घेणाऱ्याची पायरी तो आधीच ठरवून ठेवतो. गोदान असो की कन्यादान, देणारा मालक असतो आणि जे दिले जाते त्याला कोणी विचारत नाही. ‘स्त्रीबीजदान’ या नव्या शब्दात मात्र उलटेच घडते. देणारी बाई बहुधा कर्जात असते, पैसा घेणाऱ्याच्या हाती असतो, आणि तरीही व्यवहाराला नाव दानाचे! या बाईविषयी आपल्या साहित्यात मला फारसे काही सापडत नाही. म्हणून जे सापडते ते, म्हणजे चित्रपट आणि कायदा, मी येथे तपासायला घेतले आहे.

२०१२ साली ‘विकी डोनर’ हा हिंदी चित्रपट आला. वीर्य देणारा दिल्लीचा एक उनाड तरुण त्याचा नायक. तो गाणी म्हणतो, प्रेम करतो, शेवटी आपल्या बीजापासून झालेली मुले डोळे भरून पाहतो. डॉक्टर त्याच्या ‘आर्य’ वंशाचे कौतुक करतो आणि प्रेक्षक हसतात. त्या हसण्यात काय दडले आहे ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ‘मला आई व्हायचंय’ २०११ सालचा. त्यात विदर्भातली गरीब बाई परदेशी स्त्रीचे मूल पोटात वाढवते. त्याचाच ‘मिमी’ हा हिंदी अवतार २०२१ साली आला. दोन्हींत गर्भाशय देणारीला निदान नाव आहे, चेहरा आहे. पण तिच्या वाट्याला येते ती माया आणि अश्रू. बीज देणारा पुरुष विनोदाचा नायक झाला, गर्भाशय देणारी बाई करुणेची नायिका झाली. बीज देणारी बाई मात्र या तिन्ही पडद्यांवर कथेच्या मध्यभागी नाही.

याचे मूळ जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज मानले आहे, आणि दोहोंत बीज श्रेष्ठ ठरवले आहे. बाई म्हणजे जमीन. नांगर कोणाचा आणि पीक कोणाचे एवढाच काय तो वाद. सस्तन प्राण्यांतले स्त्रीबीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली शोधले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी महाडला मनुस्मृती जाळली गेली. बाईला स्वतःचे बीज असते हे विज्ञानाने सिद्ध केले, पण ते बीज बाजारात आले तेव्हा विचारणा जुनीच राहिली : रंग गोरा आहे का, शिक्षण किती, आणि जात कोणती. ज्या घरात या बाईच्या हातचे पाणी चालणार नाही, त्या घराला तिचे बीज चालते. मात्र ती कोण हे कळता कामा नये. गुप्ततेच्या कलमाचा सामाजिक अर्थ मला असा दिसतो.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या कार्यकर्त्यांनाही ते नीट माहीत नसते. आधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग वगैरे पाहिले जातात. मग साधारण दहा-बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने, बहुधा पोटावर. एरवी महिन्याला एक बीज पक्व होते, इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक वाढवली जातात. मधूनमधून सोनोग्राफी करून ती मोजतात. शेवटचे इंजेक्शन वेळ ठरवून देतात, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुई अंडाशयात घालून बीजे शोषून घेतात. काम अर्ध्या तासाचे असते. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते, आणि मजुरी बुडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरही.

यामुळे बाईची सगळी बीजे संपतात, ती वांझ होते, ही वस्तीतली समजूत खरी नाही. जन्मतःच मुलीच्या अंडाशयात लाखो बीजे असतात, आणि त्या महिन्यात जी एरवी जिरून गेली असती त्यांतलीच ही वाढवली जातात. पण धोका नाही असेही कोणी सांगू नये. काही जणींची अंडाशये सुजतात, पोटात पाणी साठते, धाप लागते, लघवी कमी होते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. पोट फुगून वजन झपाट्याने वाढू लागले तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते. २०१० साली मुंबईत सतरा वर्षांची एक मुलगी, २०१४ साली दिल्लीत एक तरुण बाई, बीज काढल्यानंतर दगावली. बातम्या आल्या आणि विरल्या.

२०२१ साली कायदा झाला, जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्यानुसार देणारीचे वय २३ ते ३५ हवे. आयुष्यात एकदाच द्यायचे, आणि ७ पेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत. घेणाऱ्या जोडप्याने तिचा १२ महिन्यांचा विमा उतरवलाच पाहिजे. मुलावर तिचा कोणताही हक्क राहत नाही. बीजाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. कागदावर हे बरेच बरे आहे. पण डॉक्टरला फी आहे, बीजपेढीला पैसे आहेत, औषध कंपनीला नफा आहे. परोपकार करायचा तो फक्त बाईने! पैसे तिला मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते चोरून मिळतात, म्हणून ठरल्यापेक्षा कमी दिले तरी ती तक्रार कोठे करणार? दुसऱ्या नावाचे कार्ड घेऊन दुसऱ्या शहरात कसे जायचे ते दलालाला माहीत असते. एकदाच्या अटीचे काय होते ते यावरून समजावे.

आपल्यातले काही जण याला देहविक्री म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. चार घरची भांडी घासणारीचा देहही झिजतोच, पण तिथे आपली नैतिकता जागी होत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची २०१९ साली पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांहून अधिक जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कामात खाडा नको म्हणून एकीकडे गर्भाशय अडचण ठरते, दुसरीकडे बीजाला किंमत येते. दोन्हीकडे हिशेब दुसऱ्याचा.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला तेव्हा मुद्दा हाच होता की बाईच्या शरीरावरचा भार तिने एकटीने का सोसावा. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच पक्षाच्या वतीने आला. शरीर कोणाचे हा प्रश्न त्यांनी पाप-पुण्याच्या चौकटीत बसवला नाही. आपल्या लेखकांनीही या बाईला ‘बिचारी’ करून संपवू नये. तिची कथा लिहायची तर ती किती इंजेक्शने घेते, सासूला काय सांगते, आलेल्या पैशातून कोणाचे कर्ज फेडते, हे लिहिले पाहिजे.

वस्तीत काम करणाऱ्यांनी तूर्त एवढे तरी करावे : संमतिपत्र मराठीत वाचून दाखवायला लावावे आणि त्याची व विम्याची प्रत बाईच्याच हाती पडते की दलालाच्या, ते पाहावे.